बोरिवलीत निळी शाई मिळत नाही

बोरिवली (पूर्व),
१६ ऑक्टोबर १९८६

चि. रत्ना हिस दशरथदादाचे आशीर्वाद.

जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस. कोणी गेलं नाही, कोणी आजारी नाही. काम शाईचं आहे.

आमच्या सोसायटीची शेअर सर्टिफिकेटं छापून आली. प्रत्येकाचं नाव आणि घराचा नंबर हाताने भरायचा आहे. चेअरमन शिवदास पेडणेकर मीटिंगमध्ये म्हणाले, "बॉलपेनने भरून टाकू, काय त्यात." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, शिवदासराव, लालबागच्या एका खोलीत आमच्या दोन पिढ्या आडव्या झाल्या, तेव्हा कुठे नावावर घर झालंय. त्या घराच्या कागदावर बॉलपेन? मग पेडणेकर हसून म्हणाले, "तावडेकाका, मग तुम्हीच लिहा."

मी काय नाही म्हणतोय होय! मिलच्या टाइम ऑफिसात आयुष्यभर मस्टर लिहिलं. संपानंतर गेट बंद झालं ते झालंच, पण हात अजून आहे. पेन तर तेच आहे, खात्यातल्या लोकांनी दिलेलं. प्रश्न शाईचा. हा कागद मुलांच्या नावावर जाईल, त्यांच्या मुलांच्या नावावर जाईल. पाण्याने पुसता कामा नये, उन्हाने उडता कामा नये, आणि निळी हवी. सरकारी कागदासारखी काळी मला नको. घर आहे ते, समन्स नव्हे.

स्टेशनजवळच्या लवूच्या दुकानातून चार बाटल्या आणल्या. लवू आपल्या कणकवलीकडचाच. खाली एकेका शाईने एकेक ओळ लिहिली आहे. तुझ्या गॅलरीत ऊन येतं, आमच्याकडे समोरच्या बिल्डिंगने खाल्लं. तेव्हा कागद अर्धा झाकून उन्हात ठेव, आणि वाळलेल्या ओळीवर पाण्याचा थेंब टाकून काय होतं ते कळव.

१. ही चौकोनी बाटलीतली ब्लू-ब्लॅक. ब्लॅक दिसते, ब्लू कुठे आहे देव जाणे.
२. ही उंच बाटलीतली, लेबलवर रॉयल ब्लू. चक्क काळी. कसली डोंबलाची रॉयल!
३. ही परमनंट ब्लॅक. ही तरी खरं बोलते.
४. ही लेबल फाटलेली. लवू म्हणतो टरकॉईज, मी म्हणतो हिरवी.

बघितलंस? चार दुकानं पालथी घातली गे, पण बोरिवलीत निळी शाई मिळत नाही. आपल्या वेळची निळी गेली कुठे? भेसळ करतात मेले. वाट लागली सगळ्याची.

आणि तू हल्ली फार बारीक लिहितेस. पोरांच्या वह्या तपासून तपासून तुझंही अक्षर आखडलं काय? मोठं लिहीत जा.

तुझा
दादा


मुलुंड,
२३ ऑक्टोबर १९८६

ती. दादास रत्नाचा नमस्कार.

तुझं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की शेवंतीबाई, आमच्या चित्रकलेच्या, विचारायला आल्या काय झालं म्हणून. त्यांनाही दाखवलं. अरे दादा, थट्टा करतोस की काय? "चक्क काळी" असं तू निळ्याशार अक्षरात लिहिलंयस! दुसरी ओळ इतकी निळी आहे की शेवंतीबाई म्हणाल्या, ही बाटली कुठे मिळते विचारा. आणि चौथी हिरवी नाही रे, मोरपिशी निळी आहे. तू ट्यूबलाइटखाली बसून लिहितोस का? की बाटल्यांची अदलाबदल झाली? खिडकीशी जाऊन बघ एकदा.

आता तुझं काम. पाण्याचा थेंब सगळ्यांवर टाकला. रॉयल ब्लू देखणी, पण धुऊन गेली, कागदावर नुसता निळा डाग उरला. मोरपिशी तर पसरून नकाशाच झाला. काळी टिकली, पण कडेला थोडी फुटली. ब्लू-ब्लॅक मात्र हलली नाही. लिहिलीस तेव्हा निळी असणार, आता दिवसागणिक गडद होतेय. उन्हात लोणच्याच्या बरणीखाली कागद अर्धा दाबून ठेवला होता. तिथेही तीच जिंकली, रॉयल ब्लूचा चेहरा उतरला. तेव्हा सर्टिफिकेटांना ब्लू-ब्लॅक घे आणि मोकळा हो.

एक विचारू? नीब चाटायची सवय गेली की आहे अजून? लहानपणी टाक जिभेवर टेकवल्याशिवाय तुझं पान सुरू व्हायचं नाही. ओठ, जीभ, सगळं निळं. आई झारा घेऊन मागे लागायची आणि तू सगळ्या चाळभर पळायचास.

भाऊबीजेला लवकर ये. ह्यांनी तुझ्यासाठी सुरमई सांगून ठेवलीय, दिवाळी संपल्यावर दुसऱ्या दिवशी खाऊनच जायचं.

तुझी
रत्ना

ता. क. : माझं अक्षर होतं तेवढंच आहे. पण ह्या वेळी मोठं काढलंय, बघ.


बोरिवली,
३० ऑक्टोबर १९८६

चि. रत्नास आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी तडक लवूच्या दुकानात गेलो. म्हटलं, लवू, तू आपल्या गावचा, आणि मला रॉयल ब्लू सांगून काळी देतोस? माझी बहीण मुलुंडात बसून मला हसते! लवू आधी हसला, मग घाबरला, मग त्याने दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना बोलावलं. कागदावर रेघ ओढून विचारलं, कुठला रंग? दोघेही म्हणाले, निळा. म्हटलं, तुम्ही ह्याचे नातेवाईक काय? एकजण गुजराती होता, तो बिचारा निघूनच गेला. लवू मला खुर्ची द्यायला लागला, पाणी द्यायला लागला. मी काय चक्कर येऊन पडलो होतो? बाटली तिथेच आपटून आलो.

त्यावर तुझी वहिनी म्हणते, "अहो, निळीच आहे ती." द्रौपदीला खोटी ठरवलेलं तुला कधी आवडत नाही, माहीत आहे मला.

असो. ब्लू-ब्लॅक ठरली. लिहायला सुरुवात केली आहे. पेडणेकरांचं नाव पहिलं. लवूने जाताना एक नमुन्याची छोटी बाटली फुकट दिली, तीही चौकोनीच आहे. माझं तोंड बंद करायला दिली असणार.

भाऊबीजेला ह्या वर्षी येणं होणार नाही. गुडघा धरलाय. राजूबरोबर साडी पाठवतो. वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा
दादा


मुलुंड,
७ नोव्हेंबर १९८६

ती. दादास नमस्कार.

साडी मिळाली. राजूला ओवाळलं, तुझा मुलगा म्हणून. पण पाट तुझ्यासाठी मांडला होता तो तसाच राहिला. शेवटी गॅलरीत गेले आणि चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. नखाएवढी कोर होती, तीही बिल्डिंगीमागे जात होती. मला भाऊ असताना चंद्राला ओवाळायची पाळी पहिल्यांदा आली, दादा. गुडघ्याचं म्हणशील तर राजू म्हणाला, बाबा रोज सकाळी बागेत फेऱ्या मारतात. मग गुडघा फक्त संध्याकाळीच दुखतो का?

जाऊ दे, भांडायला नको. तुझा शाईचा खेळ मलाही आवडला. शेवंतीबाईंकडून पोस्टरच्या रंगीत शाया मागून आणल्या. खाली ओळी लिहिल्या आहेत. प्रत्येकीचा रंग कुठला ते ओळखून कळव. बघू तुझी नजर मोठी की माझी.

अ. ही कुठली, सांग.
ब. आणि ही?
क. ही ओळखलीस तर पुरणपोळी.

(पुढची ओळ पिवळ्या शाईत)
दादा, ही ओळ दिसत असेल तर पत्राच्या माथ्यावर आधी एवढंच लिही की आई तुला कुठल्या नावाने हाक मारायची.

ड. आणि ही शेवटची.

उत्तर लवकर टाक. वाट बघतेय.

तुझी
रत्ना


बोरिवली,
१५ नोव्हेंबर १९८६

चि. रत्नास आशीर्वाद.

तुझ्या परीक्षेचं उत्तर आधी देतो. अ काळी, ब तीही काळी पण जरा पातळ, क तपकिरी, ड हिरवी. झालं? पुरणपोळी पाठव. आणि क नंतर बोटभर जागा मोकळी का सोडलीस? कागद काय फुकट येतो? शाळेत कागद मिळतो म्हणून ही उधळपट्टी!

इकडे एक भानगड झाली. पेडणेकरांचं सर्टिफिकेट मी लिहून दिलं. नाव असं झकास उतरलं होतं की मी स्वतःवरच खूश. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग हळूच म्हणाले, "काका, जांभळी शाई मुद्दाम वापरलीत का?" म्हटलं, कुठली जांभळी? कोणीतरी बाटली बदलली! त्यांनी द्रौपदीकडे बघितलं. द्रौपदी उठून आत गेली.

दोघांनी काय खुणा केल्या त्या मला कळत नाहीत असं समजू नकोस. जाताना ते म्हणाले, "घाई नाही काका, आराम करा. वाटलं तर माझी मुलगी भरेल." रत्ना, बॉलपेनने भरेल ती. माझ्या घराच्या कागदावर ते पोरगं बॉलपेनने माझं नाव लिहील.

मला ह्याउपर शाईचं काही विचारू नकोस.

दादा


मुलुंड,
१८ नोव्हेंबर १९८६

ती. दादास नमस्कार.

हे पत्र मी काळ्या शाईत, मोठ्या अक्षरात लिहितेय. भर दुपारी, खिडकीशी बसून वाच. वहिनीला वाचायला सांगू नकोस, स्वतः वाच.

क नंतरची जागा मोकळी नाही, दादा. तिथे ओळ आहे, पिवळ्या शाईत लिहिलेली. आमच्या दुसरीतल्या पोरांनीही ती वाचली. अ निळी होती, ब फिकी निळी, क जांभळी, ड मोरपिशी. तू एकही ओळखली नाहीस. मी तुझी परीक्षा घेतली. तुला राग येणार, येऊ दे. पण त्या मोकळ्या जागेबद्दल तू लिहिलेलं वाचलं आणि तशीच हे पत्र लिहायला बसले.

मला बाबा आठवले. तुलाही आठवत असणार, म्हणून तर तू बोलत नाहीस. आधी म्हणायचे, कंदिलाची काच पुसा. मग म्हणायचे, हल्ली रॉकेलच वाईट येतं. आईवर ओरडायचे, वात नीट काप म्हणून. कंदिलाचं काही बिघडलं नव्हतं. आणि आता तू म्हणतोस, बोरिवलीत निळी शाई मिळत नाही. हसले रे मी त्यावर. शाळाभर दाखवून हसले. आता ते आठवून मला जेवण जात नाही.

मला भीती वाटते, दादा. लिहून टाकलं एकदाचं. तू कधीपासून लपवतोयस? भाऊबीजेला त्यामुळेच आला नाहीस ना?

घाटकोपरला स्टेशनच्या पूर्वेला एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांचे डोळे त्यांनीच तपासले. पत्ता मागच्या बाजूला आहे. शनिवारी सकाळी बसतात. जा. पाया पडते, जा.

त्या पिवळ्या ओळीत काय आहे ते मी सांगणार नाही. वहिनीलाही निरोप पाठवलाय, तिने वाचून दाखवायचं नाही. ज्या दिवशी तुझी तुला वाचता येईल त्या दिवशी उत्तर दे. तोपर्यंत ते पत्र जपून ठेव.

तुझी
रत्ना


बोरिवली,
२५ नोव्हेंबर १९८६

चि. रत्ना,

पत्र वाचून दोन दिवस झाले. द्रौपदीने ताट वाढलं, मी खाल्लं, एवढंच. आज लिहितोय.

गणपतीपासून असं आहे. आधी वाटलं चष्म्याची काच मळली. मग आरतीच्या निरांजनाला केवढा तरी पिंजलेला कापूस लागलेला दिसायला लागला. संध्याकाळी रस्त्यावर मोटारींचे दिवे आले की समोरचं सगळं पांढरं. एकदा जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकला, ती नव्हतीच. द्रौपदीला म्हटलं, घसरलो. मुलुंडाहून परत येताना अंधार पडणार, रस्ता ओलांडायचा, म्हणून भाऊबीजेला आलो नाही. तुला सांगायला तोंड नव्हतं. तू चंद्राला ओवाळलंस ते वाचून मी मोरीत जाऊन रडलो.

तू बाबांचं लिहिलंस. तू तेव्हा लहान होतीस, मी त्यांना परळच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. जाताना बाबा माझ्यापुढे चालत होते. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू, आता इलाज नाही, उरलीसुरली नजरही जाईल. येताना त्यांनी माझा हात धरला तो कायमचा. अगे, नजर सकाळी होती तेवढीच संध्याकाळी होती. पण डॉक्टरने सांगितलं आणि त्यांनी चालणंच सोडलं. गावच्या घरी पडवीत बसून राहिले ते मरेपर्यंत. कोण आलं, कोण गेलं, पायांच्या आवाजावरून विचारायचे.

म्हणून मी जात नव्हतो. कोणी सांगितलं नाही तोपर्यंत माझं भांडण लवूशी आहे. शाई वाईट असली तर बाटली बदलता येते.

पण पेडणेकरांच्या सर्टिफिकेटावर जांभळं नाव आहे, ते खोटं कसं म्हणू? काल द्रौपदीने माझा धुतलेला शर्ट काढून ठेवला, शनिवारसाठी.

जातो. पण तू येऊ नकोस. जे काय असेल ते तुझ्यासमोर ऐकायला नको मला. मी सांगेन.

दादा


(पोस्टकार्ड)

बोरिवली,
२९ नोव्हेंबर १९८६

रत्ना, मोतीबिंदू!!! काचबिंदू नाही! पोस्टमन, तूही वाच बाबा, मोतीबिंदू आहे मला, दोन्ही डोळ्यांत! बाईंनी डोळ्यांचं प्रेशर मोजलं, नॉर्मल. दोनदा मोजायला लावलं मी. पडदा चांगला. उजवा पिकलाय, जानेवारीत काढायचा. वडिलांचं सांगितलं तर म्हणाल्या, दर वर्षी प्रेशर तपासायला यायचं, बाकी काही नाही. म्हणाल्या, "काका, तुम्ही पिवळ्या काचेतून बघताय. निळी शाई काळीच दिसणार, आणि पिवळी दिसणारच नाही." म्हटलं, बाई, हे माझ्या बहिणीला आधीच कळलंय, मास्तरीण आहे ती. बाहेर येऊन दोन उसाचे रस प्यायलो. द्रौपदी रस्त्यात रडायला लागली, लोकांना वाटलं मी मारलं. सविस्तर मागाहून. जागा संप


मुलुंड,
३ डिसेंबर १९८६

दादा,

नमस्कार बिमस्कार नंतर. कार्ड शाळेत आलं, कारण आमच्या पोस्टमनने ते घरी टाकायचं सोडून शाळेत आणून दिलं. "बाई, भावाला मोतीबिंदू झालाय, अभिनंदन!" असं म्हणाला तो. माणसाच्या भावाला मोतीबिंदू झाल्यावर कोणी पेढे वाटले असतील तर ते मीच. मुख्याध्यापकांना समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली.

स्टाफरूममध्ये बसून खूप रडले. शेवंतीबाई पाठीवर हात फिरवत होत्या. महिनाभर छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं होतं, तो उतरला. रात्री ह्यांना म्हटलं, आज दोन घास जास्त वाढा.

ऑपरेशनला मी रजा टाकून येणार, आता नाही म्हणायचं नाही. पट्टी बांधून निजवतील, मान हलवायची नाही, आणि तू बोलायचा थांबणार नाहीस. तोंडावर पट्टी बांधायला कोणीतरी हवं ना?

आणि पेडणेकरांना सांग, सर्टिफिकेटं बाजूला ठेवा. सगळे इतकी वर्षं घरासाठी थांबले, तर अक्षरासाठी दोन महिने थांबतील. पोरीच्या हातातलं बॉलपेन काढून घे म्हणावं. लाज वाटत असेल तर वहिनीला सांगायला लाव.

तुझी
रत्ना


बोरिवली,
१ मार्च १९८७

चि. रत्ना हिस दशरथदादाचे अनेक आशीर्वाद.

काल ऑपरेशननंतरचा नवा चष्मा आला. काचा पेल्याच्या बुडासारख्या जाड आहेत. आरशात बघितलं तर घुबड. पायऱ्या वाकड्या दिसतात, चहाचा कप हाताच्या अलीकडेच असतो, राजूचं नाक केवढं तरी दिसतं. बाई म्हणाल्या, सवय होईल. होऊ दे सावकाश, मला कुठे जायचंय.

तुला गंमत सांगतो. सकाळी घरातल्या चारही बाटल्या, लवूची फुकटची चौकोनी धरून, खिडकीत मांडल्या आणि एकेका शाईची रेघ ओढली. उजवा मिटून डाव्या डोळ्याने बघितलं, सगळ्या काळ्या. मग डावा मिटला आणि उजवा उघडला. रत्ना, काय सांगू गे! निळी! इतकी निळी की मी ओरडलो. द्रौपदी लाटणं घेऊन धावत आली, तिला वाटलं पडलो. एकच रेघ, एका डोळ्याला काळी आणि एकाला निळी. दिवसभर मी तेच करत बसलोय. ह्या डोळ्याने बघ, त्या डोळ्याने बघ. पोरं हसतात, हसू देत.

आणि नुसती शाईच नाही. दिवाळीत द्रौपदी नवं पातळ नेसली होती, तेव्हा मी ओरडलो होतो, सणासुदीला काळं कसलं नेसतेस म्हणून. ती बिचारी निमूट आत जाऊन बदलून आली होती. आज तिने तेच नेसलंय. निळं आहे ते. किती निळं आहे! मी तिला म्हटलं, मला बोलली का नाहीस तेव्हा, की निळं आहे म्हणून? तर म्हणाली, "तुम्ही लवूच्या दोन गिऱ्हाइकांचं ऐकलं नाही, माझं काय ऐकणार?"

संध्याकाळी लवूकडे गेलो. एकटा गेलो, दिवे लागल्यावर, रस्ता ओलांडून. दिव्यांचा कापूस गेला. लवू मला बघून काउंटरच्या मागे सरकला. म्हटलं, घाबरू नकोस, चूक माझी. तुझी शाई निळीच होती. तर त्याने आत जाऊन तीच उंच बाटली आणली, मी आपटून आलो होतो ती. झाकणाला चीर होती, दोऱ्याने बांधून ठेवली होती. "काका, ही तुमचीच हा," म्हणाला, "दुसऱ्या कोणाक दिवक नाय." त्याच शाईने हे पत्र लिहितोय. पाण्याने धुऊन जाते म्हणालीस, जाऊ दे. आज मला टिकणारी नको, निळी हवी.

सर्टिफिकेटं गुढीपाडव्यानंतर घेतो. ब्लू-ब्लॅकच, तुझ्या लोणच्याच्या बरणीने पास केलेली. बाटल्यांना लेबलं लावून ठेवली आहेत, द्रौपदीच्या हातची. पेडणेकरांचं मात्र त्या फुकटच्या बाटलीतलं जांभळंच राहणार. नवं लिहून देतो म्हटलं, तर त्यांची बायको देईना. म्हणते, सगळ्या सोसायटीत आमचंच घर उठून दिसतं.

भाऊबीज माझ्यावर राहिली आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत मी थांबत नाही. पाडव्याला येतो. पाट मांड, निरांजन लाव, सुरमई सांग किंवा सांगू नकोस. चंद्राला म्हणावं, एका वर्षाचं ओवाळणं झालं तेवढं पुरे, आता माझी बहीण मला परत दे.

आता शेवटचं. तुझं सात नोव्हेंबरचं पत्र मी देवघराच्या खणात ठेवलं होतं. सगळं झाल्यावर, हात धुऊन, आज दुपारी काढलं. अ निळी, ब फिकी निळी, क जांभळी. आणि मग, जिथे तू कागद फुकट घालवलास म्हणून मी तुला बोललो होतो, तिथे हळदीच्या रंगाची ओळ. मी ती ओळ तीनदा वाचली. मग खिडकीत जाऊन परत वाचली.

आई गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही. तिचा तो आवाज, हातातला झारा, चाळीची ती गॅलरी, सगळं एकदम आलं. उत्तर द्यायला उशीर झाला, माफ कर. नीब चाटायची सवय गेली का, असं विचारलं होतंस. गेली होती. आज पत्र सुरू करण्याआधी एकदा चाटली. द्रौपदी म्हणते, ओठांवर डाग पडलाय. कुठल्या रंगाचा, ते मी तिला विचारलं नाही. आरशात बघितलं.

तुझा
निळतोंड्या